पलीकडच्या बाजूची हातोडी

१

येडशी स्टेशनात साडेदहाची गाडी लागली की जलील आधी चहाचा शेवटचा घोट घ्यायचा, मग मिशीवरून पालथा हात फिरवायचा आणि मगच हातोडी उचलायचा. वीस वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. लढाई सुरू झाल्यापासून साखर मिळेनाशी झाली आणि चहा गुळाचा झाला, एवढाच काय तो फरक.

त्याचं काम सांगायला सोपं होतं. छोट्या लाईनीची गाडी बार्शीकडून चढण चढून यायची, येडशीला पाणी घ्यायची आणि लातूरकडं निघायची. ती अर्धा तास उभी असायची, तेवढ्यात जलीलनं प्रत्येक चाकावर हातोडीचे दोन ठोके द्यायचे आणि कान लावायचा. चांगलं चाक खणखणीत बोलतं. चाकाला तडा गेला असेल, किंवा दोन चाकं ज्या जाड लोखंडी दांड्यावर बसवलेली असतात तो आस आतून पिचला असेल, तर आवाज बसका येतो. बाजारात बाया मडकं वाजवून घेतात, तसंच हे. मडकं फुटलं तर घरात पाणी होतं, आस तुटला तर काय होतं ते जलील कुणाला सांगत बसायचा नाही.

त्याची बायको ताहेराबी मात्र चारचौघींत ऐटीत सांगायची, "आमचे हे हकीम हायेत. लोखंडाची नाडी बघतात."

हे काम त्याला शिकवलं मुनवर उस्तादांनी. पूर्वी चाकवाले दोन असत. फलाटाच्या बाजूनं जलील चालायचा, पलीकडच्या बाजूनं उस्ताद. पलीकडं फलाट नव्हता. खडीचा उतार, त्याखाली गवत, मग बोरीबाभळी आणि मग रामलिंगाच्या डोंगराची रांग. पायाला ती बाजू वाईट, म्हणून उस्तादांनी ती स्वतःकडं घेतली होती. ते नेहमी जलीलच्या एक चाक पुढं असायचे. आधी त्यांचे दोन ठोके, मग जलीलचे दोन. आणि ठोके दिल्यावर उस्ताद चाकावर तळहातानं एक थाप मारायचे, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "रोज आपला मार खातं बिचारं. शाबासकी नगं व्हय त्याला?"

दोन वर्षांमागं उस्ताद तापानं गेले. लढाईच्या दिवसांत दुसरा माणूस मिळाला नाही आणि दोन्ही बाजू जलीलच्या अंगावर आल्या. पहिले काही महिने त्यानं इमानानं दोन्ही बाजू ठोकल्या. मग गुडघा धरला. मग पलीकडची बाजू एक दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा. आणि गेले सहा महिने तो तिकडं फिरकलाच नव्हता. दोन चाकं एकाच आसावर असतात, एक दुखलं तर दुसरं बोलेलच, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. रजिस्टरात मात्र रोज दोन्ही बाजूंच्या रकान्यांत सही व्हायची. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, ताहेराबीलासुद्धा नाही.

त्या रविवारी गाडी लागली. जलीलनं पहिल्या डब्याच्या पहिल्या चाकावर हातोडी उचलली, तोच पलीकडून आवाज आला. टण्, टण्. आणि मग एक थाप.

२

माणसाचं डोकं मोठं गमतीचं असतं. अशा वेळी ते आधी शहाणपणाच्या गोष्टी काढतं. जलीलनं स्वतःला सांगितलं, डोंगराचा प्रतिध्वनी आहे, दुसरं काय? पावसाळा सरला की हवा कोरडी होते, आवाज लांबवर जातो आणि परत येतो. सगळं रीतीप्रमाणंच होतं. फक्त प्रतिध्वनी आवाजाच्या मागून येतो, आणि हा एक चाक आधी येत होता.

घरी जेवायला बसल्यावर त्यानं विषय काढला, पण जरा आडवळणानं.

"ताहेरा, माझे कान कसे हायेत गं?"

"कसे म्हंजी? मोठे हायेत."

"तसं न्हाय. ऐकू नीट येतं का मला?"

"तेल संपलं म्हनलं की येत न्हाय," ताहेराबी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "शेजारची लक्ष्मम्मा तुमची तारीफ करती, ते चार भिंतींतून येतं."

तो हसला. या बाईनं त्याला तीस वर्षं असंच हसवलं होतं. शेर-शायरी त्याला कधी जमली नाही, पण ताटात भाकरी पडताना तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या की अंगातला सगळा शीण जातो, हे त्यानं एकदा तिला सांगितलं होतं. ती तेव्हा लाजली होती आणि पुढं वर्षभर त्यावरून त्याला चिडवत राहिली होती.

आता ती गुरुवारच्या गाडीनं लातूरला निघायची होती. त्यांची एकुलती लेक शरिफाबी तिथं दिलेली. दोनदा तिचे दिवस अर्ध्यावर मोडले होते, या खेपेला पोट टिकलं होतं आणि सुईणीनं तिला गाडीत बसायची सक्त मनाई केली होती. लेक माहेरी येत नाही तर आई लेकीकडं जाणार. ताहेराबीनं डिंक, मेथ्या, जुनी मऊ लुगडी असं सगळं गाठोड्यात बांधून ठेवलं होतं आणि रोज ते सोडून पुन्हा बांधत होती.

"गुरुवारी जनान्या डब्यात बसवा मला," ती म्हणाली. "मागच्या टायमाला गड्यांच्या डब्यात बिड्यांच्या धुरानं जीव गेला माझा."

जनाना डबा म्हणजे गाडीतला तिसरा. जलील बरं म्हणाला.

३

सोमवारी त्यानं फसवून बघितलं. पहिल्या डब्याची चाकं ठोकली आणि मधेच हात आवरून उभा राहिला. पलीकडचा आवाजही थांबला. जलीलनं वाट बघितली. पलीकडूनही कुणीतरी वाट बघत असावं तशी शांतता होती. इंजिनाजवळ ड्रायव्हर ज्ञानोबा कुणाशी तरी हुज्जत घालत होता, हमाल पेट्या उतरवत होते, उन्हात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. जलीलनं पुढच्या चाकाकडं एक पाऊल टाकलं. पलीकडं खडी करकरली. टण्, टण्. थाप.

तो गुडघ्याला हात देऊन खाली वाकला आणि डब्याखालून बघितलं. पलीकडं उजेड होता, खडी होती, गवताची पाती हलत होती. पाय कुणाचेच नव्हते.

गाडी गेल्यावर तो सामानाच्या खोलीत गेला. ही खोली म्हणजे फलाटाच्या टोकाची पत्र्याची कोंदट जागा. कंदील, झेंडे, ग्रीसचे डबे आणि भिंतीत दोन खुंट्या. एका खुंटीला तो आपली हातोडी लावायचा. दुसऱ्या खुंटीला उस्तादांची हातोडी ते गेल्यापासून टांगलेली होती, कुणी हात लावला नव्हता. दांड्यावर बोटभर धूळ होती, कोळ्यानं जाळंही केलं होतं. जलीलनं ती उजेडाकडं फिरवली. दोन वर्षं बसून असलेल्या लोखंडाला गंज चढायला हवा. तो चढला होताही, सगळीकडं. फक्त ठोक्याचं तोंड तेवढं लखलखीत घासलेलं होतं.

त्यानं हातोडी हळूच सोडून दिली. भीती वाटलीच, खोटं कशाला बोला! पण भीतीपेक्षा त्याला शरम जास्त वाटली. आपण टाळलेलं काम कोण करतंय, हे त्याला खरं म्हणजे पहिल्या थापेलाच कळलं होतं.

मंगळवारी पलीकडची हातोडी पहिला डबा ठोकून गेली, दुसरा ठोकून गेली. तिसऱ्या डब्याच्या पहिल्या तीन जोड्या खणखणीत वाजल्या. चौथ्या, शेवटच्या जोडीला आवाज आला तो बसका, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. आणि त्या चाकाला थाप पडली नाही.

जलीलनं झटकन ते चाक गाठलं. त्यानं आपल्या बाजूच्या चाकावर ठोका दिला. टण्. स्वच्छ. पुन्हा दिला. स्वच्छ. तो गाडीला वळसा घालून पलीकडं जायला निघाला, गुडघ्यानं साथ दिली नाही, आणि तो शेवटच्या डब्याशी पोचेपर्यंत ज्ञानोबानं शिट्टी दिली. तिसरा डबा त्याच्या डोळ्यांदेखत लातूरकडं निघून गेला. संध्याकाळी गाडी परत सुखरूप आली तेव्हा कुठं तो फलाटावरून हलला.

४

बुधवारी त्यानं गाडी अडवून धरली.

स्टेशनमास्तर महारुद्र हे सज्जन पण वेळेचे भारी पक्के. खिशातलं घड्याळ ते पंचपाळं उघडावं तसं जपून उघडायचे. "काय दिसलं तुला, जलीलभाई?" त्यांनी विचारलं.

"दिसलं न्हाय साहेब, ऐकू आलं. तिसरा डबा, शेवटचा आस. घासलेट लावून बघतो."

घासलेट चिठ्ठीवर मिळायचं, त्यामुळं मास्तरांनी सुस्कारा टाकला, पण वाटीभर दिलं. जलील सहा महिन्यांनी पहिल्यांदाच पलीकडं उतरला. त्यानं आस घासलेटानं पुसला, कोरडा केला, वर खडूची पूड फासली आणि हातोडीनं ठोकत राहिला. लोखंडाला केसाएवढा जरी तडा असेल तरी आत शिरलेलं घासलेट परत बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. रेघ उमटली नाही. चाकही खणखणीत वाजलं. मास्तर घड्याळ हातात धरून उभे होते.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. रागावून नाही, जरा काळजीनंच. "जलीलभाई, पुन्हा असं झालं तर मला तुझे कान तपासायला पाठवावं लागेल. आणि तिकडनं परत आलेला चाकवाला मी अजून बघितला नाही."

जलीलनं मान हलवली. त्याचं लक्ष दुसरीकडंच होतं. सहा महिन्यांत या बाजूला माणसाचा पाय पडला नव्हता, गवत कमरेला लागायला हवं होतं. लागतही होतं, जरा खाली. पण गाडीला लागून, चाकापासून हातभर अंतरावर, एक पायवाट पडलेली होती. रोज वापरली जाणारी, स्वच्छ, अरुंद वाट. प्रत्येक चाक जिथं उभं राहायचं तिथं खडी दोन पावलांपुरती दबलेली होती. तिसऱ्या डब्याच्या शेवटच्या चाकापाशी मात्र ती खोल दबली होती. तिथं कुणीतरी बराच वेळ उभं राहत असावं.

त्यानं तिथं पाय ठेवला नाही. बाजूनं वळसा घालून वर आला.

५

संध्याकाळी दिवेलागणीला तो ओट्यावर बसला होता. उद्या गुरुवार. ताहेराबीला जाऊ नको म्हणावं, तर लेक तिकडं वाट बघत बसलेली. तिला दुसऱ्या डब्यात बसवावं, तर एक डबा रुळावरनं उतरला की बाकीचे काय हवेत राहतात? आणि जनान्या डब्यात ती नसली तरी दुसऱ्या कुणाच्या बायका-लेकी असणारच. आस खरोखर पिचला असेल तर खडूनं का सांगितलं नाही? का आपलेच कान गेले? का उस्ताद शिक्षा करतायत?

"अहो, जरा हिकडं या," ताहेराबीनं आतून हाक मारली. "हात मोकळा हाय का? ही बांगडी बगा."

ती लेकीकडं जायची म्हणून नव्या बांगड्या भरून आली होती. आता डोक्याजवळ हात हलवून ती कान देऊन ऐकत होती.

"ह्यातली एक पिचलेली हाय. कासारणीनं गळ्यात मारली मेली. पन कंची ते घावंना. हाताला दाबून धरली की सगळ्या चांगल्या वाजतात. हात सैल सोडला की एक भद्द बोलती."

"दाबली की चांगली वाजती?"

"व्हय की. दाबल्यावर तड मिटती, मंग कशी बोलंल ती? ढिली सोडली की तिचं तोंड उघडतं." तिनं बोटानं एकेक बांगडी फिरवली. "ही बगा. घावली. फिरवून फिरवून बघावं लागतं."

जलील उठून उभाच राहिला. तो तिच्याकडं असा बघत होता की ती घाबरली.

"काय झालं वो?"

"काय न्हाय," तो म्हणाला. मग त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला, पिचलेल्या बांगडीसकट. "तू हकीम हायेस, ताहेरा. म्या कंपाउंडर."

आस गोल असतो आणि फिरत असतो. तडा वरच्या अंगाला असला की डब्याच्या वजनानं त्याचं तोंड उघडतं. खालच्या अंगाला गेला की तेच वजन तोंड दाबून मिटवतं. आणि तडा चाकाच्या आत, चाक आसावर घट्ट बसवलेलं असतं तिथं, असेल तर खडू फासायला जागाच नाही. आपण ठोकत होतो ते तोंड मिटलेलं असताना. पलीकडच्याला ते कसं ऐकू येत होतं, हा हिशेब लागत नव्हता. तो त्यानं सोडून दिला.

६

गुरुवारी ताहेराबी गाठोडं घेऊन जनान्या डब्यात बसली. तिच्यासोबत आणखी आठ-दहा बाया होत्या, दोन तान्ही लेकरं होती. जलीलनं ठोके द्यायला सुरुवात केली. पलीकडून आवाज पुढं पुढं जात होता. तिसऱ्या डब्याच्या शेवटच्या चाकाला तो आवाज आला, बसका, आणि थाप नाही. जलीलनं आपला ठोका दिला. स्वच्छ.

तो इंजिनाकडं निघाला. मोठ्यानं ओरडायची त्याला सवय नव्हती, तरी ओरडला, "ज्ञानोबा! अर्धं चाक पुढं घे!"

"काय घे?" ज्ञानोबानं काळं तोंड बाहेर काढलं.

"अर्धं चाक. सुईत दोरा ओवावा तशी घे."

"जलीलभाई, ही गाडी हाय, सुई न्हाय," ज्ञानोबा कुरकुरला, पण त्यानं घेतली. गाडी करकरत हातभर पुढं सरकली आणि थांबली. मास्तर घड्याळ उघडून धावत आले. जलील तोवर वळसा घालून पलीकडं उतरला होता. गुडघा ओरडत होता, त्यानं ऐकलं नाही. आज तो त्या पायवाटेवरूनच चालला, आणि तिसऱ्या डब्याच्या शेवटी जी खोल दबलेली जागा होती तिथं जाऊन उभा राहिला. उभं राहताना कुणीतरी सरकून जागा करून दिल्यासारखं वाटलं. उन्हात त्याच्या उजव्या अंगाला तेवढी सावली आल्यासारखं गार लागलं.

त्यानं हातोडी मारली.

भद्द.

वरून खिडकीतून ताहेराबीनं डोकं बाहेर काढलं. तिलासुद्धा कळलं. तिनं आपल्या मनगटाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "बायांनो, उतरा गं," ती आत वळून म्हणाली. "आधी लेकरं द्या खाली."

मास्तरांनी स्वतः हातोडी घेऊन एकदा मारून बघितली आणि घड्याळ मिटवून खिशात टाकलं. डबा सोडवला. सहा हमालांनी रिकामा डबा बाजूच्या लाईनीवर ढकलायला घेतला. सांध्यावरून जाताना डब्याला एवढासा हिसका बसला, आणि खाट् असा आवाज होऊन त्याचा मागचा कोपरा खाली बसला. आस चाकाच्या आतल्या बाजूला तुटला होता. माणूस चालतो त्या वेगानं ढकलताना तुटला होता. पुढं ढोकीच्या उतारावर, भरलेला, धावताना नाही.

जलील तुटक्या तोंडापाशी बसला. आसाच्या गोल कापावर चारातले तीन भाग लोखंड जुनं, काळपट आणि गुळगुळीत झालेलं होतं. त्यावर कडीत कडी अशा कितीतरी रेघा होत्या, नदीचं पाणी उतरताना काठावर सोडतं तशा. रोज थोडं थोडं करून ते उलत गेलं होतं. उरलेला दोन बोटं तुकडा तेवढा ताजा, खरबरीत, चमकणारा होता. एवढ्या दोन बोटांवर हा डबा काल गेला होता आणि परत आला होता. या कड्या एका दिवसात पडत नाहीत. जलीलला त्यात आपले सहा महिने दिसले.

तो उठला आणि सगळ्यांसमोर मास्तरांना म्हणाला, "साहेब, म्या गुन्हेगार हाय. सहा महिने झाले, पलीकडची बाजू म्या ठोकली न्हाय. सही तेवढी खोटी करत आलो."

महारुद्र मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"असं कसं?" ते हळू आवाजात म्हणाले. "मी रोज ऑफिसात बसून ऐकतो की. दोन्हीकडून आवाज येतो. तू एकटा इतक्या भराभर दोन्ही बाजू कसा करतोस, याचंच मला नवल वाटायचं. गेल्या आठवड्यात वर तुझी शिफारस लिहिली मी."

जलीलनं पलीकडच्या पायवाटेकडं बघितलं. रविवारी सुरू झालं नव्हतं तर ते. रविवारी त्याला फक्त ऐकू यायला लागलं होतं.

मग त्यानं बाकीच्या पाच डब्यांची सगळी चाकं ठोकली. दोन्ही बाजूंनी, अर्धं चाक पुढं घेऊन पुन्हा एकदा. ज्ञानोबानं या खेपेला कुरकुर केली नाही. पलीकडची बाजू ठोकताना जलीलनं प्रत्येक चाकाला तळहाताची थाप मारली. त्याला रडू येत होतं आणि ते पुसायला वेळ नव्हता.

ताहेराबी दुसऱ्या डब्यात चढली. तिथं गडी होते, बिड्याही होत्या. तिनं एक अक्षर तक्रार केली नाही. खिडकीतून हात काढून तिनं त्याच्या गालाला लागलेलं ग्रीस पदरानं पुसलं, चारचौघांत, जे तिनं जन्मात कधी केलं नव्हतं.

"भाकरी झाकून ठेवलीय," ती म्हणाली. "खावा. आन आता जिवाला लावून घिऊ नका."

गाडी सुटली. चाकांनी पहिली फेरी घेतली आणि पलीकडच्या बाजूनं टण्, टण् असा आवाज आला. थाप. पुढच्या चाकाला टण्, टण्. थाप. गाडी वेग घेत होती, पण आवाज मागं पडत नव्हता, तो गाडीबरोबर चालला होता. शेवटचा डबा सरकला आणि पलीकडची बाजू उघडी पडली. गवत, पायवाट, डोंगर. माणूस नाही. आवाज तेवढा गाडीसंगं लांब लांब गेला आणि वळणाआड ऐकू येईनासा झाला.

७

जलील घरी गेला नाही. मास्तरांच्या ऑफिसात, तारयंत्राशेजारच्या बाकावर बसून राहिला. लातूरच्या मास्तरांना महारुद्रांनी आधीच कळवून ठेवलं होतं, की ताहेराबी म्हणून एक बाई दुसऱ्या डब्यात आहेत, उतरल्या की कळवा. ढोकीहून गाडी गेल्याची खबर आली. मुरुडहून आली. दर खेपेला जलील उठून उभा राहायचा आणि पुन्हा बसायचा.

तीन वाजायला आले तेव्हा यंत्र कटकटलं. मास्तर वाकून एकेक शब्द सांगू लागले. "गाडी... पोचली. बाई... उतरल्या. जावई... घ्यायला आले होते."

जलीलनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काय वाटलं ते त्याला सांगता आलं नसतं. अंगावरचं ओझं कुणीतरी उचलून खाली ठेवलं आणि पाय एकदम हलके झाले, एवढंच. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

यंत्र थांबलं नव्हतं. ते पुन्हा कटकटायला लागलं आणि मास्तरांच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय?" ते पुटपुटले. "लातूर विचारतंय... येडशीनं... दुसरा चाकवाला... गाडीबरोबर... का पाठवला? म्हातारा आहे. गाडीच्या पलीकडच्या बाजूनं चाकं ठोकतोय. बोलावलं तर... वर येत नाही." ते थांबले, ऐकत राहिले. "बाईंनी त्याला... जाताना... भाकरी दिली."

पंखा नसलेल्या त्या खोलीत जलीलला घाम आला होता तो वाळला. ताहेराबीनं भाकरी दिली. म्हणजे तिनं बघितलं. म्हणजे तिनं ओळखलं, आणि उस्तादांनी तिच्या हातून घेतलीही.

"आणखी काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

मास्तर बराच वेळ ऐकत होते. मग यंत्रावरचा हात न काढता त्यांनी मान वर केली. "तो म्हातारा विचारतोय म्हणे, जलील कधी येतो? पलीकडची बाजू एकट्याला होत नाही आता."

बाहेर ऊन होतं. तुटका डबा बाजूच्या लाईनीवर तिरका बसलेला खिडकीतून दिसत होता. जलील त्याच्याकडं बघत राहिला. त्याला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी, दोन वर्षांनी उस्तादांनी नावानं हाक मारली म्हणून भरूनही आलं होतं.

"सलाम सांगा उस्तादांना," तो म्हणाला. "आन म्हनावं, नातवाचं तोंड तेवढं बगू द्या. बगितलं की म्या येतो."

मास्तरांनी दोन शब्द पाठवले आणि मधेच त्यांचं बोट थांबलं. "जलीलभाई, लेकीचे दिवस कधी भरतात?"

"उद्याच्या जुम्म्याला, न्हाय तर पुढच्या."

म्हणजे जलीलनं स्वतःला फार तर आठ दिवस ठेवले होते. त्यानं बोलताना याचा विचार केला नव्हता, आणि आता केला.

"बदलू का?" मास्तर अगदी हळू म्हणाले. "अजून गेलं नाही. वर्षं सांगतो, दहा-वीस. तिकडं कोण तपासणार आहे?"

जलीलनं मिशीवरून पालथा हात फिरवला. ताहेराबीच्या बांगड्या त्याला आठवल्या. मग त्यानं मान हलवली.

"नगं साहेब. खोटी सही एकदा झाली, बास झाली," तो म्हणाला. "हाय तसंच पाठवा."

मास्तरांनी तसंच पाठवलं.